पालथा डबा

१

दिवाणखान्याच्या छताचा मधला भाग दिव्यासकट खाली आला होता आणि बांधून ठेवलेल्या खोक्यांवर पसरला होता. भिजलेल्या प्लास्टरचा वास घरभर भरला होता. जिन्याच्या लाकडी पायऱ्या फुगल्या होत्या. पाय ठेवला की फटीतून पाणी पचकन वर येई.

तपासनीस बाई सरळ वर गेल्या. विमा कंपनीसाठी जळालेली, लुटलेली, पडलेली घरं बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आधी नुकसान बघायचं, माणसं नंतर, ही त्यांची रीत. माणसं आधी भेटली की नुकसान त्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागतं.

वर, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला लागून जुनं दगडी सिंक होतं. त्याच्या भोकात चिंध्यांचा बोळा ठासून बसवलेला. आणि सिंकमध्ये, बरोबर नळाखाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा घातलेला.

“यातलं काही हलवलंत?” त्यांनी मागे उभ्या असलेल्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणजे या घरची मुलगी. स्वतः पस्तिशी ओलांडलेली.

“फक्त नळ बंद केला. सकाळी शेजाऱ्यांनी फोन केला, दाराखालून पाणी येतंय म्हणून. मी धावत आले तर हे.”

“हा डबा कशाला?”

“काय माहीत. पडला असेल कुठून तरी.”

डबा पडलेला नव्हता, ठेवलेला होता. पण बाईंनी ते मनातच ठेवलं.

घर विकलं गेलं होतं. शनिवारी ताबा द्यायचा होता. त्या पैशांतून म्हातारा-म्हातारीसाठी ज्येष्ठांच्या निवासात दोघांची एकत्र खोली घ्यायची ठरली होती, आणि निवासाने ती शनिवारपर्यंतच अडवून ठेवली होती. घर घेणारा दातांचा डॉक्टर होता. छत पडल्याचं कळल्यावर त्याने शांतपणे सांगितलं होतं, विमा मिळत असेल तर व्यवहार कायम, नसेल तर मला दुसरी जागा आहे.

“मिळेल ना?” मुलीने विचारलं.

“घरच्या कोणी मुद्दाम केलं नसेल तर.”

मुलगी सिंकमधल्या बोळ्याकडे बघत राहिली. “नळ आपोआप उघडत नाही बाई, आणि बोळा आपोआप बसत नाही.”

“नाही बसत. काल घरात कोण होतं?”

“आम्हीच,” मुलगी म्हणाली. “सगळे.”

२

आदला दिवस रविवारचा. आईला निवासातल्या तात्पुरत्या खोलीतून घरी आणलं होतं, घर शेवटचं बघायला. वर्षापूर्वी तिला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, आणि बोलणंही. सगळं समजतं, पण तोंडातून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच नीट निघतं. बाकी शब्द भलतेच येतात.

“वर नेलंत त्यांना? कसं?”

“खुर्चीसकट. दादाने एका बाजूने धरली, दुसऱ्या बाजूने त्या दातवाल्याने. तो मापं घ्यायला आला होता, सापडला तावडीत. वर्षभरात पहिल्यांदा वर गेली ती. आपल्या जुन्या खोलीत झोपली दुपारभर. दादा आणि तो जेवणाआधीच गेले. मी खाली सामान बांधत होते. बाबा वर-खाली करत होते.”

“पाणी होतं दिवसभर?”

“कुठलं. बाराला गेलं. पाइपाची दुरुस्ती, रात्री येईल, असा सकाळीच मोबाइलवर मेसेज होता. मी बादल्या भरून ठेवल्या, बाबांनाही सांगितलं. बरं म्हणाले.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी नको झालं. खालच्या गाडीवाल्याला बोलावून खुर्ची उचलली, तर इथे आल्यावर आईने डाव्या हाताने या सिंकची कड धरली. सोडेचना. तोंडाने नुसतं नाही नाही. घर सुटत नव्हतं हो तिला. बाबा रडायला लागले, मी रडायला लागले. शेवटी मी तिची बोटं एकेक करून सोडवली.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसती मान वळवली. “रात्री बाबा निवासातच राहिले, पाहुण्यांच्या खोलीत. मी मैत्रिणीकडे.”

“घर विकल्यावर तुम्ही कुठे जाणार?”

“भाड्याची खोली बघतेय. घटस्फोटानंतर दोन वर्षं इथेच आहे, ही बाजूची खोली माझी.” मग तिच्या लक्षात आलं. “संशय माझ्यावर असेल तर लिहा खुशाल. घर मोडायचा हिला सराव आहे, असंही लिहा.”

“मला सराव लिहायला जागा नसते,” बाई म्हणाल्या. त्यांनी नळाला हात घातला. नळाची मान लगेच डुगडुगली. नुसती चावी पिळली की सगळा नळच फिरायचा.

“तसा नाही उघडत तो. एका हाताने मान घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने पिळायचं.”

“वडील कारखान्यात फिटर होते ना?”

“तीस वर्षं. दुसऱ्यांच्या घरचे नळ फुकट दुरुस्त करायचे. याला मात्र गेलं वर्षभर म्हणतात, उद्या करतो.”

३

मुलाचं औषधांचं दुकान होतं. बहिणीपेक्षा तो बराच मोठा, केस पिकलेला. गिऱ्हाइकांच्या मधल्या फटींत तो बोलत होता.

“मला घर विकायला नकोच होतं. पण ठेवून करणार काय? मी इथे, धाकटीचं असं झालेलं, आईचं तसं. बाबा एकटे त्या जिन्यावरून पडले तर कळणार कोणाला?” एका बाईला खोकल्याचं औषध देऊन तो परत वळला. “आणि आईच मागे लागली. निवासाची माहितीपत्रकं आणली तर प्रत्येकावर हो, हो. बाबांना सोडवत नव्हतं, पण तिच्यासाठी तयार झाले.”

“आई मागे लागली?”

“हट्टच धरला. आम्हालाही नवल वाटलं. त्या घराची एकेक वीट तिने निवडलेली आहे.”

“तुम्ही काल कधी निघालात?”

“बाराच्या आधी. दुकान उघडायचं होतं. पाणी होतं तेव्हा, मी हात धुतले की त्याच सिंकवर.”

“डबा होता सिंकमध्ये?”

“कसला डबा?”

“पत्र्याचा. पालथा. बरोबर नळाखाली.”

मुलाच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. समोरचा म्हातारा गिऱ्हाईक खाकरला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

“मी शाळेत होतो तेव्हा पाणी पहाटे यायचं,” तो हळू आवाजात म्हणाला. “कधी लवकर, कधी उशिरा, नेम नसायचा. म्हणून रात्री झोपताना कोरडा नळ उघडा सोडायचा, भोकात बोळा घालायचा आणि खाली डबा पालथा. पाणी आलं की पत्र्यावर वाजायचं, घर उठायचं, भांडी भरायची. धाकटी जन्मायच्या आधीच ते संपलं. तिला ठाऊकही नसेल.”

“म्हणजे घरात पाणी सोडायचं असतं, तर—”

“तर डबा कोणी कशाला ठेवेल. कोणाला कळू नये असं वाटणारा माणूस वाजणारी वस्तू ठेवत नाही.” तो काउंटरवर वाकला. “बाई, आईनं केलं असणार हे. झोपून उठली, नळाला पाणी नाही बघितलं, जुनी सवय. पण तिचं नाव कागदावर घालू नका.”

“अपघात ठरला तर विमा मिळेल तुम्हाला.”

“विमा मिळेल, आई जाईल. निवासात एक बंद विभाग आहे, डोक्याने गेलेल्यांसाठी. दाराला आकड्यांचं कुलूप. तिथे दोघांच्या खोल्या नाहीत. नळ उघडा सोडून पूर आणला एवढं कळलं, की तिची रवानगी तिथे. बाबा कुठे जातील मग?”

बाईंचा मोबाइल वाजला. पलीकडे मुलाच्या वडिलांचा आवाज होता, स्पष्ट आणि जरा मोठा, पाठ केल्यासारखा.

“बाई, उगाच कोणाला त्रास देत फिरू नका. नळ मी उघडला. मुद्दाम.”

४

म्हातारे स्वयंपाकघरात बसले होते. तेवढीच एक खोली कोरडी राहिली होती. शर्ट इस्त्रीचा, दाढी गुळगुळीत.

“बसा. चहा टाकतो. गुन्हेगाराच्या हातचा चालतो ना?”

“साखर कमी, काका.”

त्यांनी गॅस पेटवला. शेगडीच्या बटणाला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला बाईंना दिसला. तसाच एक मागच्या दाराच्या कडीला. एक टेबलावरच्या किल्लीला. एक कोपऱ्यातल्या छत्रीच्या मुठीला.

“कसा उघडलात नळ?”

“जसा उघडतात तसा. घर विकवत नव्हतं. म्हटलं, बिघडवून टाकू. बोळा घातला, नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो लागलं, तसा खाली आलो आणि गाडीत बसलो.”

“धो धो?”

“म्हणजे काय, भरपूर दाब आहे आमच्याकडे.”

“काका, तुम्ही निघालात तेव्हा गावभर नळाला पाणी नव्हतं. दुपारपासून गेलं होतं. ते आलं रात्री, तुम्ही सगळे गेल्यावर.”

म्हाताऱ्यांचा चेहरा कोरा झाला. खोटं पकडलं गेल्यावर माणूस चिडतो, हसतो, विषय बदलतो. हे त्यातलं काहीच नव्हतं. ते खरोखर आठवून बघत होते.

“नव्हतं पाणी?”

“मुलीने सकाळी सांगितलं होतं तुम्हाला.”

“सांगितलं असेल.” ते खिडकीकडे बघू लागले. “बाई, तुम्ही डबा बघितलात. मीही बघितला. तिनेच तो लावायचा, मी कारखान्यातून थकून यायचो आणि आडवा व्हायचो. आता तिच्या डोक्यात जुनं-नवं एक होत असेल तर तिचा काय दोष? माझं नाव लिहा. विमा गेला तर गेला. मी भाड्याच्या एका खोलीत राहीन, पण तिला कुलपात घालू देणार नाही.”

“ही लोकर कशाची?” बाईंनी विचारलं.

“तिचंच खूळ. विणता येत नाही आता, मग मला तुकडे कापायला लावायचे आणि बांधत सुटायचं. एका हाताने आणि दातांनी गाठ मारते. झटक्यानंतर खालच्या खोलीत होती ना, दिसेल त्याला बांधलं. माझा वस्तरासुद्धा सोडला नाही. मी म्हणतो, बांध बाई, वेळ जातो तुझा.”

चहा झाला. त्यांनी गॅस बंद केला, कप भरले, एक बाईंपुढे ठेवला. खुर्चीकडे वळले आणि थांबले. परत शेगडीपाशी जाऊन त्यांनी लोकरीचा तुकडा बोटांत धरला, बटण चाचपलं, बंद आहे ना बघितलं. मग निघाले. मग पुन्हा गेले.

बाईंनी कप तोंडाजवळ नेलेला तसाच खाली ठेवला.

शेगडी, कडी, किल्ली, छत्री, वस्तरा. सगळ्या गाठी काकांच्या वापरातल्या वस्तूंना होत्या. ज्या म्हातारीने त्या बांधल्या, तिच्या स्वतःच्या, निवासात न्यायला टेबलाशी काढून ठेवलेल्या चष्म्याच्या डबीला, काठीला, शालीला एकही नव्हती.

५

निवासातली तात्पुरती खोली लहान आणि उजेडाची होती. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डावा मोकळा. तिने बाईंकडे असं बघितलं की बाईंना आपली वाक्यं आपोआप नीट करावीशी वाटली.

“काकू, मी विम्याकडून आलेय. मी बोलते, तुम्ही हो किंवा नाही म्हणा. चालेल?”

“हो.”

“नळ कोणी उघडला ते तुम्हाला माहीत आहे?”

“हो.” आणि डावा हात उचलून म्हातारीने आपल्याच छातीवर बोट ठेवलं.

“नाही, काकू. तो नळ उघडायला दोन हात लागतात. एकाने मान धरावी लागते. तुमच्याकडे एकच आहे.”

म्हातारीचं बोट छातीवरच राहिलं.

“डब्याची रीत ठाऊक असणारी माणसं तीन. मुलगा पाणी जायच्या आधीच गेला होता. त्याने त्याच सिंकवर हात धुतले. मुलीला तर डबा कशासाठी ते कळलंही नाही. उरलात तुम्ही दोघं. काका मुद्दाम केलं म्हणतात, पण पाणी कधी गेलं ते त्यांना आठवत नाही. त्यांना डबा लावल्याचंच आठवत नाही. डबा बघून त्यांना वाटलं, तुम्ही लावला. म्हणून ते तुमच्यासाठी खोटं बोलतायत, आणि तुम्ही त्यांच्यासाठी.”

खिडकीबाहेर कोणीतरी पाचोळा झाडत होतं. म्हातारीने बोट खाली घेतलं.

“लोकर काकांसाठी होती. गॅस बंद कर, कडी लाव, किल्ली घे. त्यांना कळू न देता, खूळ म्हणून. खाली सगळीकडे बांधलीत. वरच्या नळाला बांधता आली नाही, कारण वर्षभर तुम्हाला वर जाताच आलं नाही.”

“हो.” फार हळू.

“काल तुम्ही त्यांना नळ उघडताना बघितलंत?”

“हो.”

“पहाटे पाणी भरायचं म्हणाले का?”

“हो.” म्हातारीच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं.

“आणि संध्याकाळी तुम्ही सिंकची कड धरलीत. ती घर सुटत नव्हतं म्हणून नाही. नळ उघडा आहे, हे सांगायला.”

म्हातारी काहीतरी म्हणाली. तोंडातून आला तो शब्द ‘चमचा’ होता. तिने मान हलवून तो शब्द झिडकारला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तोच आला. काल बाप-लेकीने मिळून सिंकवरच्या त्या बोटांचा अर्थ लावला होता. घर विकतोय याचं ओझं दोघांच्याही मनावर इतकं होतं, की तिने नुसता हात पुढे केला असता तरी त्यांना त्यात निरोपच दिसला असता.

“घर विकायचा हट्टही तुमच्यासाठी नव्हता. त्यांना इथे आणायचं होतं. तुमच्या आजाराचं नाव पुढे करून.”

“हो.”

मग म्हातारीने डावा हात लांब करून बाईंचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. “नाही,” ती म्हणाली. “नाही. नाही.”

सांगू नको, एवढं समजायला शब्द लागत नव्हते.

“अहवालात मी नाव घालणार नाही,” बाई म्हणाल्या. “हेतू नव्हता, जुन्या सवयीने नळ उघडा राहिला, एवढंच कंपनीला पुरतं आणि तेवढं खरं आहे. छत होईल, घर जाईल. पण काकू, तुमच्या त्या दोघांच्या खोलीत शेगडी आहे. मी येताना बघून आले. तुम्ही रात्री झोपाल की नाही? किती दिवस जागणार एका हाताने?”

मनगटावरची पकड सैल झाली नाही.

“मुलीला सांगावं लागेल. मी सांगू का?”

म्हातारीने मान खिडकीकडे वळवली. पाचोळा झाडणारा माणूस ढीग करून निघून गेला. मग तिने बोटं स्वतःच उघडली, एकेक.

“हो,” ती म्हणाली.

६

मुलीने सगळं उभ्यानेच ऐकलं. लोकरीचं, नळाचं, गॅसचं. शेवटी तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“ती सांगत होती,” ती म्हणाली. “आणि मी तिची बोटं सोडवत होते. समजूत घालत होते तिची, की आई, विटांचं काय एवढं.”

बाईंनी अहवालाची प्रत पुढे केली. मुलीने ती न वाचताच घेतली.

दातांच्या डॉक्टरने शनिवारी ताबा घेतला. त्याआधी, मुलीच्या सांगण्यावरून, निवासाच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्यांना तपासलं. कोणता महिना, कोणतं साल, हे घड्याळ काढून दाखवा. म्हातारे हसतखेळत उत्तरं देत होते आणि घड्याळात आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसत होते. दोघांची एकत्र खोली रद्द झाली. म्हाताऱ्यांना बंद विभाग, म्हातारीला बाहेरचा, असं ठरलं. भेटायची वेळ दुपारी चार ते सहा.

बाई निवासात परत गेल्या त्या पुढच्या सोमवारी, भरपाईच्या कागदावर सही घ्यायला. मुलीनेच तिथे बोलावलं होतं. बंद विभागाच्या दाराशी मुलगा सामान घेऊन उभा होता, आणि सामान एकाचं नव्हतं.

“आईने काय केलंय माहितीये?” तो बाईंना बाजूला घेऊन म्हणाला. “आत राहायचं म्हणते. बायको म्हणून चालत नाही, म्हणे इथलीच रहिवासी म्हणून यावं लागेल, मग बाकीच्यांचे नियम तिलाही. एकटीने बागेत जायचं नाही, फोन नाही, दार नाही. मॅनेजरने पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी हो. मी म्हटलं, तुझं डोकं शाबूत आहे गं, तुला काय गरज. तर माझ्याकडे अशी बघते, जसा मीच विसरभोळा.”

म्हातारे खुश होते. सही करताना त्यांनी बाईंना ओळखलं नाही, पण पेन चांगलं आहे म्हणाले. मग बायकोच्या खुर्चीमागे जाऊन त्यांनी मुठी धरल्या.

“चल गं. कारखान्याने दिलेली खोली आहे, भाडं कमी आहे. आवडली नाही तर पुढच्या वर्षी आपलं घर बांधू.”

“हो,” म्हातारी म्हणाली.

परिचारिका दार उघडायला पुढे आली. भेटायला येताना लागतील म्हणून ती मुलीच्या कानाशी वाकली आणि कुलपाचे आकडे सांगू लागली, हळू, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नयेत एवढ्या बेताने. पण खुर्ची अगदी शेजारीच होती. बाईंना म्हातारीचा चेहरा दिसत होता. पहिला आकडा तिने ऐकला, हे तिच्या डोळ्यांत दिसलं.

दुसरा यायच्या आत तिने डावा हात उचलून कानावर ठेवला, आणि दार उघडेपर्यंत तो तसाच ठेवला.